'फरक आढळला नाही' हे वाक्य कसं वाचायचं? निमित्त : बाळाची झोप

मागच्या वर्षी एका रात्री पावणेदोनला ताईचा मेसेज आला. माझी भाची तेव्हा आठ महिन्यांची होती आणि रात्रीतून पाच-सहा वेळा उठायची. ताईनं एका बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला होता. बाळाला थोडं रडू दिलं तरी काही नुकसान होत नाही, हे संशोधनानं सिद्ध झालंय, असा बातमीचा सूर. खाली तिचा प्रश्न : "तू संशोधन करतोस ना, हे खरं आहे का रे?"

मी बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतोय. बाळांच्या झोपेशी माझा संबंध मामा म्हणून येतो, तेवढाच. तरी मी मूळ पेपर शोधला, अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि पाच मिनिटांत उत्तर पाठवलं : "हो, खरं आहे. रँडमाइज्ड ट्रायल आहे. जर्नलही चांगलं आहे."

ताईनं तीन रात्री तसं करून पाहिलं. वन-बीएचके फ्लॅट. बाळ आत, ताई हॉलमध्ये दाराला टेकून बसलेली, हातात मोबाइलचा टायमर. तिसऱ्या रात्री ताई स्वतःच रडायला लागली, तिच्या सासूबाई उठल्या आणि आत जाऊन बाळाला घेऊन आल्या. पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. भाचीला काही झालं नाही, ती मजेत आहे. पण "संशोधन असं म्हणतं" हे वाक्य त्या घरात माझ्या जबाबदारीवर गेलं होतं, आणि मी पेपर वाचलेलाच नव्हता.

नंतर वाचला. मग त्याच्या आजूबाजूचेही वाचले. आज ते तुमच्यासोबत पुन्हा वाचायचे आहेत. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. बाळाला कसं झोपवावं हे मी सांगणार नाही, त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आहेत. एखाद्या पेपरनं नेमकं काय दाखवलंय आणि आपण त्यातून काय काढतोय, यातलं अंतर कसं मोजायचं, एवढंच बघू.

वाद आहे तरी काय?

बाळाला रडू द्यावं का, हा वाद जुना आहे. ल्यूथर एमेट होल्ट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १८९४ मध्ये आलं. बाळ रडलं की लगेच उचलू नये, अशी शिस्त त्या काळातल्या अशा पुस्तकांमधून सांगितली जायची. १९८५ मध्ये रिचर्ड फर्बर यांचं पुस्तक आलं आणि त्यातली पद्धत अमेरिकेत इतकी गाजली की तिला त्यांच्याच नावानं ओळखू लागले. बाळ जागं असतानाच त्याला पाळण्यात ठेवायचं, बाहेर यायचं, रडलं तर ठरलेल्या मिनिटांनी जाऊन धीर द्यायचा, आणि ही मिनिटं हळूहळू वाढवत न्यायची. संशोधनाच्या भाषेत हिला 'ग्रॅज्युएटेड एक्स्टिंक्शन' म्हणतात.

या पद्धतींनी बाळाचं रात्रीचं बोलावणं कमी होतं का? बहुतेक अभ्यास 'हो' म्हणतात. २००६ मध्ये जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी ५२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ९४ टक्के अभ्यासांत वर्तनाधारित उपाय परिणामकारक ठरले होते. त्यामुळे खरा वाद पुढचा आहे : यातून बाळाला काही इजा होते का? ताईचाही प्रश्न तोच होता. आणि मी उत्तर दिलं ते 'चालतं का' या प्रश्नाच्या आत्मविश्वासानं.

पहिला पेपर : १४ बाळं आणि एक मोठं विधान

मी ताईला ज्याचा हवाला दिला तो पेपर मायकल ग्रॅडिसर आणि सहकाऱ्यांचा, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातला, 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये २०१६ मध्ये आलेला. ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळं. तीन गट : १४ बाळांसाठी ग्रॅज्युएटेड एक्स्टिंक्शन. १५ बाळांसाठी 'बेडटाइम फेडिंग', म्हणजे झोपायची वेळ थोडी पुढे ढकलायची, जेणेकरून बाळ पेंगुळलेलं असतानाच अंथरुणावर जाईल. आणि १४ जणांच्या पालकांना झोपेविषयी फक्त माहिती. तो झाला कंट्रोल ग्रुप.

निकाल असे : दोन्ही उपायांनी बाळं कंट्रोल ग्रुपपेक्षा लवकर झोपी जाऊ लागली, आणि हा फरक मोठा होता. लाळेतलं कॉर्टिसोल दोन्ही उपाय-गटांत थोडं कमीच झालं. वर्षभरानंतर भावनिक-वर्तनविषयक समस्या आणि आईशी असलेली जवळीक यांत गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

पेपर नीट केलेला आहे. रँडमायझेशन आहे, कंट्रोल ग्रुप आहे, हालचाल मोजणारं यंत्र आहे, वर्षभराचा पाठपुरावा आहे. झोपेच्या क्षेत्रात एवढं सगळं एका अभ्यासात मिळणं सोपं नाही. माझी तक्रार शेवटच्या ओळीवर आहे, आणि त्याहून जास्त ती ओळ मी जशी वाचली त्यावर.

कागद-पेन्सिल घ्या. दोन गटांत प्रत्येकी १४ बाळं. पॉवर ८० टक्के, पी ची मर्यादा ०.०५. या अभ्यासाला खात्रीनं दिसू शकेल असा लहानात लहान फरक साधारण १.१ स्टँडर्ड डेव्हिएशन निघतो. कोहेन यांच्या नेहमीच्या मोजपट्टीत ०.८ लाच 'मोठा' परिणाम म्हणतात. म्हणजे मध्यम आकाराचं नुकसान खरोखर होत असतं, तरी या अभ्यासाला ते बहुधा दिसलं नसतं.

आईशी असलेल्या जवळिकीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. समजा, एरवी १०० पैकी ३५ बाळांमध्ये ही जवळीक 'असुरक्षित' प्रकारात मोडते आणि रडू दिल्यामुळे ती संख्या ५० वर जाते. हे छोटं नुकसान नाही, कुठल्याही आईला घाबरवेल एवढं आहे. ते पकडायला प्रत्येक गटात साधारण १७० बाळं हवीत. इथे होती १४, आणि सगळी शेवटपर्यंत टिकली असं धरलं तरीही १४ च. हे गणित 'आर' मध्ये एका ओळीत होतं, स्वतः करून बघा.

आता गंमत बघा. याच १४-१४ बाळांमध्ये 'लवकर झोप लागते' हा फायदा मात्र दिसला. कारण फायदा मोठा होता, आणि तो रोज रात्री मिनिटांत मोजता येत होता. नुकसान, असलंच तर, लहान, उशिरा दिसणारं आणि मोजायला अवघड. फायदा पकडायला पुरेसं असलेलं सॅम्पल नुकसान नाकारायला पुरेसं असतंच असं नाही. या एका पेपरपुरता नाही, औषधांच्या ट्रायल्सपासून खतांच्या चाचण्यांपर्यंत सगळीकडे हा मुद्दा लागू होतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइज काढताना गाइड विचारतात ना, "कुठल्या आउटकमसाठी काढलाय?", ते याचसाठी.

तर 'लक्षणीय फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ 'एवढ्या जाळीत मासा सापडला नाही' एवढाच. जाळीची भोकं केवढी होती, हे आधी बघावं लागतं.

दुसरा पेपर : समोरच्या बाजूचा

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मग रडू देणं घातकच आहे. थांबा. त्या बाजूनं हमखास पुढे केला जाणारा पेपर वेंडी मिडलमिस आणि सहकाऱ्यांचा आहे, २०१२ चा. न्यूझीलंडमध्ये पाच दिवस भरती करून घेऊन चालणारा झोपेचा कार्यक्रम, त्यातली २५ बाळं आणि त्यांच्या आया. पहिल्या दिवशी आई आणि बाळ दोघांच्या कॉर्टिसोलचा मेळ होता. तिसऱ्या दिवशी बाळं रडेनाशी झाली, आयांचं कॉर्टिसोल उतरलं, पण बाळांचं मात्र पूर्वीइतकंच राहिलं. यावरून 'बाळ गप्प झालं, पण आतून तणावातच आहे' हे वाक्य तयार झालं आणि जगभर फिरलं.

हे वाक्य अंगावर येतं. पण कॉर्टिसोल मोजणं माझ्या विषयाच्या अगदी जवळचं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

लाळेतलं कॉर्टिसोल म्हणजे थर्मामीटर नव्हे. मोठ्या माणसांत ते सकाळी जास्त असतं, रात्री उतरतं. तान्ह्या बाळात हा दिवस-रात्रीचा ताल पहिल्या काही महिन्यांत हळूहळू बसत जातो, आणि प्रत्येक बाळाचा वेग वेगळा. ताण आल्यावर लाळेतलं प्रमाण शिखराला पोचायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, म्हणजे नमुना केव्हा घेतला यावर आकडा हलतो. बाळाच्या तोंडात दूध राहिलं असेल तर चाचणी बिघडू शकते. आणि मुख्य म्हणजे कॉर्टिसोल वाढणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस टोचल्यावरही बाळाचं कॉर्टिसोल वाढतं.

आता पेपरकडे या. कंट्रोल ग्रुप नाही. घरी, नेहमीच्या रात्री त्या बाळांचं कॉर्टिसोल किती असायचं, हे हाताशी नाही. परकी जागा, अनोळखी नर्स, बदललेला दिनक्रम, हे सगळं रडण्याच्या जोडीला चालूच होतं. तिसऱ्या दिवशीचं कॉर्टिसोल 'चढलेलं' म्हणायचं तर कशाच्या तुलनेत? आणि तिसऱ्या दिवसानंतर काय झालं? पेपर ज्याच्याकडे लक्ष वेधतो ते खरंच विचार करण्यासारखं आहे : रडणं थांबणं म्हणजे ताण थांबणं, असं गृहीत धरू नका. पण 'ताण राहतोच आणि तो रडू दिल्यामुळेच राहतो' हे त्यातून निघत नाही.

बघा, दोन्ही बाजूंकडे एकेक छोटा अभ्यास आहे. प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या पेपरची मेथड्स बारकाईनं वाचते आणि स्वतःच्या पेपरचा फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. जर्नल क्लबमध्ये आपणही हेच करतो, कबूल करायला हरकत नाही.

तिसरा पेपर : मोठा, पण प्रश्न वेगळा

या वादातला सगळ्यात भक्कम पाठपुरावा मेलबर्नचा आहे. ॲना प्राइस, हॅरिएट हिस्कॉक आणि सहकारी, २०१२. सातव्या महिन्यात ज्यांच्या पालकांनी 'झोपेचा त्रास आहे' असं सांगितलं अशी ३२६ बाळं. काही केंद्रांमधल्या नर्सेसना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी पालकांना झोपवण्याच्या पद्धती शिकवल्या, बाकी ठिकाणी नेहमीचीच सेवा. वर्षाच्या आतच उपाय-गटात झोपेच्या तक्रारी कमी झाल्या : बाराव्या महिन्यात ३९ टक्के विरुद्ध ५५ टक्के. आयांच्या नैराश्याची लक्षणंही कमी दिसली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांतल्या २२५ जणांना पुन्हा तपासलं. मानसिक आरोग्य, झोप, ताण, आई-मुलाची जवळीक, कशातच फरक नाही. फायदाही टिकला नव्हता, तोटाही दिसला नाही.

इथे जाळीची भोकं बरीच बारीक आहेत. मग प्रश्न संपला? एक ओळ मेथड्समध्ये आहे, ती वाचा. पालकांना दोन पर्याय दिले होते : ठरावीक अंतरानं जाऊन धीर देणं, किंवा बाळाच्या शेजारी बसून राहून ते बसणं हळूहळू कमी करणं. कोणता घ्यायचा ते पालकांनी ठरवायचं. विश्लेषण मात्र गटाप्रमाणे झालं, कुणी प्रत्यक्षात काय केलं त्याप्रमाणे नाही. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये तसंच करायला हवं, ती चूक नाही.

पण मग या अभ्यासानं जे तपासलं ते असं : 'थकलेल्या पालकांना प्रशिक्षित नर्सनं पर्याय समजावून दिले आणि निवड त्यांच्यावर सोडली, तर सहाव्या वर्षापर्यंत मुलाचं नुकसान होतं का?' उत्तर : दिसत नाही. हे दिलासा देणारं आणि उपयोगी उत्तर आहे. 'बाळाला एकटं रडू दिलं तर?' हा प्रश्न मात्र यात सरळ विचारलेलाच नाही. माझ्या ताईला तर पर्याय देणारी नर्सही नव्हती. तिला मिळाला होता एक स्क्रीनशॉट आणि मी.

चौथा पेपर : झोपलं कोण?

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या पेपरनं. वेंडी हॉल आणि सहकारी, कॅनडा, २०१५. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांची २३५ कुटुंबं. एका गटाच्या पालकांना झोपेविषयी वर्ग आणि नंतर फोनवर मदत, दुसऱ्या गटाला बाळाच्या सुरक्षिततेविषयी वर्ग. मोजमाप दोन प्रकारे : पालकांची रोजची नोंदवही, आणि बाळाच्या पायाला घड्याळासारखं बांधलेलं, हालचाल टिपणारं यंत्र, म्हणजे ॲक्टिग्राफ.

सहा आठवड्यांनी यंत्राप्रमाणे दोन्ही गटांतली बाळं रात्री सारखीच जागी होत होती. पालकांच्या नोंदींप्रमाणे मात्र उपाय-गटात जागं होणं कमी झालं होतं, आणि पालकांचा थकवा, झोप, मनःस्थिती सुधारली होती.

मग खरं कोण? दोघंही. बाळं रात्री उठतातच, मोठी माणसंही उठतात. काही बाळं उठून हाक मारतात, काही इकडेतिकडे बघून परत झोपतात. थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात रात्रभर व्हिडिओ घेऊन हे दाखवायला सुरुवात केली होती. उपायानं बदललं ते बाळाचं जागं होणं नव्हे, तर जागं झाल्यावर हाक मारणं. म्हणजे 'बाळाची झोप सुधारते' या वाक्याऐवजी 'आई-बाबांची झोप सुधारते' असं लिहिणं पुराव्याला जास्त धरून आहे.

आणि त्यात कमीपणा काय आहे? सहा महिने सलग जागरण झालेल्या बाईची झोप हा क्षुल्लक आउटकम नाही. मला राग येतो तो इथे : आईची झोप हे कारण पुरेसं वाटत नाही म्हणून आपण ते बाळाच्या मेंदूच्या विकासाच्या नावावर खपवतो. २०१८ मध्ये मारी-हेलेन पेनेस्त्री आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या बाळांच्या नोंदी पाहिल्या. सहाव्या महिन्यात ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, बाराव्या महिन्यातही २८ टक्के झोपत नव्हती, आणि त्याचा बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासाशी संबंध आढळला नाही. हाही 'आढळला नाही' प्रकारचाच निकाल, पण इथे जवळजवळ ४०० बाळं आहेत.

आणि आपल्याकडचं बाळ?

वरचे चारही अभ्यास ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातले. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं, झोळीत झोपतं, आजीच्या पायांवर थोपटून झोपतं. 'स्वतःचं स्वतः झोपी जाणं' हे ध्येय तिथल्या घराच्या रचनेतून आलंय. ते चूक आहे असं नाही, पण ते सगळीकडचं ध्येय आहे असंही नाही.

२०१० मध्ये मिंडेल आणि सहकाऱ्यांनी भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या २९,२८७ मुलांची माहिती पालकांकडून घेतली. झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, हाँगकाँगमध्ये रात्री १०.१७. 'माझ्या मुलाला झोपेचा त्रास आहे' असं म्हणणाऱ्या पालकांचं प्रमाण देशागणिक खूप वेगळं होतं, चीनमध्ये तर ७६ टक्के. ताप जसा थर्मामीटरवर मोजतो तसा 'झोपेचा त्रास' मोजत नाही. तो पालकांनी दिलेल्या उत्तरात असतो, आणि उत्तरात अपेक्षा मिसळलेल्या असतात. यापैकी बऱ्याच ट्रायल्समध्ये प्रवेशाची अट हेच उत्तर आहे, हे लक्षात ठेवा.

साधनाचंही तसंच. ॲक्टिग्राफ हालचालीवरून झोप ओळखतो. बाळ झोळीत गाढ झोपलंय आणि आजी दोरी ओढतेय, तर यंत्र काय लिहील? जागं. तुमच्यापैकी कुणाला इथल्या बाळांच्या झोपेवर काम करायचं असेल तर आधी हाच प्रश्न सोडवावा लागेल. तेवढ्यावरसुद्धा एक चांगला पेपर होईल.

मी काय लिहायला हवं होतं

त्या रात्रीचं उत्तर आज लिहायचं तर मी असं लिहीन : "ताई, पर्याय समजावून देऊन पालकांना निवड करू दिली तर पुढे नुकसान दिसलेलं नाही, यावर बऱ्यापैकी पुरावा आहे. एकट्यानं रडू देण्यावर वेगळा पुरावा थोडा आहे, दोन्ही बाजूंनी. न करण्यानंही बाळाचं बिघडत नाही. तुला झोप हवी आहे, ते कारण पुरेसं आहे. हळूहळू करायच्या पद्धतीही आहेत. डॉक्टरांना विचार. आणि शनिवारी मी येतो, रात्री बाळाला मी बघतो."

शेवटचं वाक्य कुठल्याच पेपरमधलं नाही, पण त्या रात्री तेच सगळ्यात कामाचं होतं.

तुमच्यासाठी गृहपाठ : तुमच्या विषयातला 'लक्षणीय फरक आढळला नाही' असा शेवट असलेला एक पेपर घ्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झाकून ठेवा. तीन गोष्टी एका कागदावर लिहा : नेमकं काय मोजलं, कुणामध्ये मोजलं, आणि एवढ्या सॅम्पलमध्ये किती मोठा फरक दिसू शकला असता. मग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उघडा आणि दोन्ही ताडून बघा. पुढच्या लेखात कॉन्फिडन्स इंटरव्हल घेऊ, कारण वरचं बरंचसं भांडण त्या दोन आकड्यांनी आधीच मिटलं असतं.